पुस्तक क्रमांक एक्केचाळीस

मेम्फिस,
११ जून २०१३

प्रिय लिअँडर,

आधी खाली बस. उभ्यानं वाचू नकोस, तुझ्या गुडघ्यांचा काही भरवसा नाही, आणि रोझला या वयात नवरा उचलायला लावू नकोस. बसलास? मग ऐक. तुझा डिप्लोमा सापडला! हायस्कूलचा, १९७० सालचा, खराखुरा. लिअँडर जेम्स पेटिग्रू, असं पूर्ण नाव वळणदार काळ्या अक्षरात, खाली मुख्याध्यापकांची सही, शेजारी शाळा मंडळाच्या अध्यक्षांची सही आणि कोपऱ्यात सोनेरी शिक्का. त्रेचाळीस वर्षांत त्या शिक्क्याला साधा पोपडा आलेला नाही. मी तो या दोन हातांनी धरला, आणि अशी किंचाळले की माझ्यासोबत काम करणाऱ्या मिस्टर टेटांची कॉफी त्यांच्या टायवर सांडली. तू नापास झाला नव्हतास, भाऊराया. तू पास होतास. त्रेचाळीस वर्षं पास होतास आणि डेट्रॉइटमध्ये प्रत्येक फॉर्मवर ‘शिक्षण: अकरावी’ असं लिहीत बसला होतास.

पण हुरळून जाऊ नकोस, एक अट आहे. तो कागद शुक्रवारी, २८ जूनला, दुपारी चारच्या आत तुझ्या हातात पडला पाहिजे. त्यानंतर सगळं सीलबंद होऊन काउंटीच्या गोदामात जाणार, आणि तिथून एखादा कागद बाहेर काढायचा तर माझ्या नातवंडांना अर्ज करावे लागतील. बातम्यांत तू पाहिलं असशीलच. आपलं शहराचं शाळा मंडळ तीस तारखेला संपतंय. कुणी मारलं नाही त्याला. त्यानं स्वतःच आपली सनद परत केली, शहरानं मतदान करून त्यावर माती लोटली, आणि आता सगळ्या शाळा काउंटीत विलीन. इथं ब्यूटी पार्लरमध्ये यावरून दोन वर्षं भांडणं चालली आहेत. मिस युडोरा म्हणते, बरं झालं, आता उपनगरवाल्यांनाही आपल्या पोरांचा खर्च उचलू दे. तिची बहीण म्हणते, थांब, उपनगरवाले वर्षाच्या आत आपापली चूल मांडतात की नाही बघ. मी विरोधात मत दिलं होतं. एकतीस वर्षं शाळेची सेक्रेटरी म्हणून ज्या मंडळाचं मीठ खाल्लं, त्याच्या तेराव्याला जेवायला जाणं मला जमलं नाही.

तर या मरणाची आवराआवर माझ्याकडे आली. बंद पडलेल्या शाळांच्या तिजोऱ्या रिकाम्या करायच्या होत्या, आणि आपल्या ट्रिग अव्हेन्यूच्या शाळेचं नाव यादीत दिसल्याबरोबर मी हात वर केला. तिजोरी म्हणजे सोनंनाणं नव्हे. ऑफिसच्या मागची ती लोखंडी दाराची खोली. लहानपणी आपल्याला वाटायचं, आत वेताच्या छड्या ठेवतात. आत आहेत रजिस्टरं, लिअँडर. जमिनीपासून छतापर्यंत. सोबतीला मिस्टर अ‍ॅम्ब्रोज टेट. मंडळाचे जुने भांडारपाल, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, तरी किल्ली कुठली कुठं लागते हे फक्त त्यांनाच ठाऊक म्हणून त्यांना घरून बोलावून आणलंय. ते रोज टाय लावून येतात. धुळीच्या खोलीत, जून महिन्यात, टाय!

मला वाटलं होतं, आठवडाभर नुसत्या शिंका येतील. पण अरे, सगळं शहर तिथं फळीवर मांडून ठेवलंय. मंडळाच्या एका जुन्या फाइलमध्ये १९६१ ची यादी मिळाली. पहिलीतली तेरा काळी मुलं, सहा-सात वर्षांची, पहिल्यांदा गोऱ्यांच्या शाळांत पाठवली ती. तेरा नावं एका पानावर. मी तेव्हा पाळण्यात होते. मग मी तुझ्या वर्गाचं १९६९ चं रजिस्टर उघडलं आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या सालच्या शरदातले सोमवार आठवतात ना? मंडळावर आपला एकही माणूस नव्हता, म्हणून मुलांनी सोमवारी शाळेत जायचंच नाही असं ठरलं होतं. मला वाटायचं, आपल्या चर्चमधली पाच-पन्नास पोरं गेली असतील. लिअँडर, पानच्या पान उभं लाल आहे! मंगळवार ते शुक्रवार सगळे हजर, आणि सोमवारच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावापुढे लाल शाईत गैरहजर. पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी शिक्षकाची सहीसुद्धा नाही, कारण तोही मोर्चात. मी ते पान मिस्टर टेटांपुढे धरलं. ते चष्मा वर करून म्हणाले, “ही लाल शाई मी पुरवली होती, मिस डेलोइस. दोन बाटल्या जास्तीच्या मागवाव्या लागल्या.” आणि दोन वर्षांत मंडळावर आपली तीन माणसं निवडून आली. ती तुमच्या त्या सोमवारांनी आली. तुझा इतिहासातला ग्रेडही बघितला बरं का मी. ए. वर्षभर ए. मोर्चे काढून ए!

आता तो डिप्लोमा. ‘न नेलेले’ असं लिहिलेला एक चपटा खोका सगळ्यात खालच्या फळीवर होता. आत वेगवेगळ्या सालांची सात पाकिटं. चौथं तुझं. त्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली, टाचणी गंजून कागदात रुतलेली. ‘अमेरिकेचा इतिहास, पुस्तक क्रमांक ४१, जमा नाही.’ बस्स, एवढंच. या एका ओळीनं आपल्या घराचे दोन तुकडे केले.

तुला तो नियम मी काय सांगणार! मे महिन्यात सगळी पुस्तकं परत करायची, आणि ज्याचं एक जरी कमी, त्याला स्टेजवर रिबिनीची नळी मिळायची, पण आत डिप्लोमाऐवजी कागदाचा चिटोरा: ऑफिसला भेटा. मी तिसऱ्या रांगेत बसले होते, पिवळ्या फ्रॉकमध्ये. तू नळी उघडलीस, आत पाहिलंस, आणि फोटोवाल्यासाठी हसलास. घरी पोचेपर्यंत हसतच होतास. मग डॅडी वखारीतून आले, अंगावर लाकडाचा भुसा तसाच, आणि म्हणाले, “सोमवार-सोमवार करत गावभर हिंडलास ना? आता काढ त्या सोमवारातून पुस्तक!” तू म्हणालास, ते पुस्तक तुझं नव्हतंच, गोऱ्या पोरांचं उष्टं होतं, दहा वर्षं वापरून फेकलेलं. डॅडी म्हणाले, “उष्टं असेल, पण हरवलंस तू.” मम्मा किंमत भरायला तयार होती. पण ज्या पुस्तकात आपल्या माणसांबद्दल जेमतेम दीड पान आहे त्यासाठी मी दमडी देणार नाही, असं तू म्हणालास, आणि तू एकदा नाही म्हणालास की मग देवानंही वाट बदलावी. मम्मानं घर उलटंपालटं केलं. फ्रीझरमधली गोठवलेली भेंडीसुद्धा बाहेर काढून बघितली. चर्चमध्ये जाऊन एकेका बाकाखाली हात घातला, कारण सोमवारी तुम्ही तिथं जमायचात. सहाव्या दिवशी तू डेट्रॉइटची बस धरलीस. पुढची अठरा वर्षं तुझा फोन यायचा तेव्हा डॅडी उचलायचे, “मम्माला देतो” म्हणायचे आणि रिसीव्हर टेबलावर ठेवायचे. ते गेले, तेव्हा तू चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसलास आणि जेवायलाही थांबला नाहीस.

मी कडू आठवणी काढायला बसलेली नाही. बघ, हे कसं मधेच येतं! मला तुला त्या पुस्तकाची गंमत सांगायची आहे. मुखपृष्ठाच्या आत चिकटवलेला तो तक्ता आठवतो? वर शहराच्या पलीकडच्या शाळेचा शिक्का, खाली आठ ओळी: विद्यार्थ्याचं नाव, वर्ष, पुस्तकाची स्थिती. वरची सहा नावं गोऱ्या पोरांची, सातवं आपल्या शाळेतल्या एका मुलीचं, आठवं तुझं. जेवण झालं की तू मागच्या पायरीवर बसायचास आणि मला ती नावं वाचून दाखवायचास. रोनाल्ड व्हिटकोम, १९५९, स्थिती नवीन. बेट्टी स्नॉडग्रास, १९६०, स्थिती चांगली. तू म्हणायचास, बघ डी, बहात्तराव्या पानावर जेली सांडलीय, हा रोनाल्ड यादवी युद्ध वाचता वाचता सँडविच खात होता, म्हणून त्यांची बाजू हरली. बेट्टीचं कुणाशी जमलंय, कोण वर्गात झोपतो, सगळ्यांच्या गोष्टी तू रचायचास. मी नऊ वर्षांची, मला वाटायचं हे सगळे आपले शेजारी आहेत. आणि शेवटी तू नेहमी म्हणायचास, “पुढची ओळ तुझी.” पुढे ओळच नव्हती, तक्ता भरला होता. हे तुझ्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या आलं होतं.

आणि ऐक, ही गोष्ट मी तुला आजवर सांगितली नाही. १९७३ मध्ये काळी-गोरी पोरं एकत्र शिकावीत अशा कोर्टाच्या हुकमानं आम्हाला बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते. सकाळी चाळीस मिनिटं, दुपारी चाळीस. त्या बाजूच्या लोकांनी निषेध म्हणून त्याच्या आधी एक अख्खी बस खड्ड्यात पुरली होती. मम्मा म्हणाली, “पुरू दे. तू दुसरीत बस.” आम्ही पोचलो तेव्हा वर्गात निम्मी बाकं रिकामी, गोरी पोरं एका रात्रीत चर्चच्या तळघरांतल्या खाजगी शाळांत पळालेली. आणि शाळेच्या दारावर नाव कुठलं असावं? त्या शिक्क्यावरचं! पुस्तक एक्केचाळीसचं माहेर! जिन्याजवळ जुन्या वर्गांचे फोटो टांगले होते. मी मधल्या सुट्टीत रोज एक रांग शोधायचे, आणि चौथ्या दिवशी रोनाल्ड व्हिटकोम सापडला. कान हे एवढे, पोटाशी बँडमधला भलामोठा ट्यूबा धरलेला, चेहरा असा की जेली यानंच सांडली यात शंका नाही. मी तिथं एकटीच इतकी हसले की बाईंनी मला पाणी पाजलं. त्या संध्याकाळी तुला पत्र लिहायला बसले, आणि अर्ध्यावर फाडून टाकलं. नावं इतकी पक्की कशी आठवतात, आडनावाच्या स्पेलिंगसकट, असं तू विचारशील याची भीती वाटली.

आता तरी तुला कळलं असेल. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते उगाच नाही. तरी माझ्याच हातानं सगळं लिहू दे, अर्धवट नको.

परवा मी मिस्टर टेटांना म्हटलं, हे पाकीट मी भावाला पाठवते. ते म्हणाले, “पुस्तक आत, कागद बाहेर. नियम आहे.” मी म्हटलं, “अहो मिस्टर टेट, मंडळच तीन आठवड्यांत मरतंय, नियम कुणाचा?” तर म्हणाले, “मरतंय ना? मेलं नाहीये अजून.” सुंभ जळेल पण यांचा पीळ जायचा नाही! मी भांडले, विनवलं, घरून पीच कॉबलर नेलं. त्यांनी कॉबलर खाल्लं, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, रुमालानं ओठ टिपले आणि म्हणाले, “फार छान झालंय. पुस्तक कुठाय?” त्या रात्री मला रोझचा फोन आला. इमानीच्या पदवीदानाला तू डेट्रॉइटहून इतक्या लांब गाडी चालवत गेलास, आणि आत न जाता पार्किंगमध्ये बसून राहिलास. सगळ्यांना सांगितलंस, गुडघे दुखतात. रोझ म्हणाली, “डी, नातीनं टोपी उडवली तेव्हा हा माणूस गाडीत रेडिओ ऐकत होता. मी याला काय म्हणू?” मी फोन ठेवला आणि आजीची देवदाराची पेटी उघडली.

पुस्तक तिथं होतं, लिअँडर. गोधड्यांच्या तळाशी. ते मी घेतलं होतं. पुस्तकं जमा करायच्या आदल्या दुपारी तू बास्केटबॉल खेळायला गेलास, आणि मला वाटलं, उद्या हे जाणार, रोनाल्ड जाणार, बेट्टी जाणार, आणि माझी ओळ राहिली. म्हणून तक्त्याच्या खाली, चौकटीबाहेर, मी मम्माच्या पेनानं लिहिलं: डेलोइस पेटिग्रू, १९७०, स्थिती चांगली. शाईनं. आणि मग माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या वर्गाच्या मिस हार्ग्रोव्ह रोज बजावायच्या, पुस्तक शहराचं आहे, त्यात स्वतःचं नाव घालणारा शहराचा चोर. मला वाटलं, माझ्यामुळे तुला तुरुंगात टाकतील. म्हणून आजीच्या घरी नेऊन तिच्या पेटीत लपवलं. तू नळी उघडलीस तेव्हा त्या चिटोऱ्याचा पुस्तकाशी संबंध आहे हे मला कळलंसुद्धा नाही. घरी डॅडी ओरडले तेव्हा कळलं, आणि तेव्हा जीभ उचलेना. नवव्या वर्षी भीती होती, ती मी समजू शकते. पण विसाव्या वर्षी? डॅडी आजारी पडले तेव्हा? एक वाक्य बोलले असते तर त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला नसता. त्याऐवजी मी सेक्रेटरी झाले आणि एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना सक्त चिठ्ठ्या धाडल्या: पुस्तक परत करा. मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मला माफ कर, लिअँडर.

काल सकाळी मी ते मिस्टर टेटांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी कणा तपासला, नंबर बघितला, मुखपृष्ठ उघडून सगळी नावं मोठ्यानं वाचली, रोनाल्डपासून तुझ्यापर्यंत. मग चौकटीबाहेरचं नववं नाव मनात वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, “स्थिती चांगली. खरं लिहिलंय.” आणि ‘जमा’ असा शिक्का दणकन मारला. मी पाकिटाला हात घातला तर त्यांनी ते मागे ओढलं, आणि १९७० चं डिप्लोम्यांचं रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. दोनशे बारा नावं, आणि प्रत्येकासमोर ज्याची त्याची सही. रिबिनीच्या नळ्या घेऊन तुझ्या पुढचे-मागचे सगळे सही करून गेले. “ज्याचा कागद, त्याची सही. नियम आहे,” ते म्हणाले, आणि शेवटच्या शुक्रवारी नवा टाय लावून चारपर्यंत खुर्चीत बसणार आहेत, असंही म्हणाले. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले आणि येऊन पुन्हा भांडले, उपयोग झाला नाही. म्हणून हे पत्र. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास. रागाव माझ्यावर, तोंड बघू नकोस, दुसऱ्या हॉटेलात उतर, पण ये. रोझला आण, इमानीला तिची टोपी घेऊन आण. पानाच्या मधोमध फक्त एक जागा रिकामी आहे, वर सही आहे, खाली सही आहे. मी तिथं काही लिहिलेलं नाही. या वेळी ओळ तुझी आहे.

तुझीच,
डी